तटस्थ अमेरिका आणि ‘आज रोख, उद्या उधार’

‘अमेरिका पूर्वी कुणाच्या भांडणात पडत नसे, पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला झाला आणि चित्र पालटलं.’ हे वाक्य इतक्यांदा वाचायला मिळतं की आता त्यावर लिहायलाच हवं. अमेरिकेचे तटस्थतेचे कायदे काढून वाचा, मुख्य कलमं दुकानदारीची निघतात: काय विकायचं, रोखीने की उधारीवर, आणि माल कुणाच्या बोटीने जाणार. ती तटस्थता कुणाच्या पथ्यावर पडली, हे बहुतेक वेळा या तीन गोष्टींनीच ठरवलं.

आधी एक घोळ मिटवू. तटस्थता म्हणजे नेहरूंची अलिप्तता नव्हे. अलिप्तता हे परराष्ट्र धोरण, तटस्थता ही युद्ध पेटल्यावरची कायदेशीर अवस्था. १९०७ च्या हेग करारानुसार तटस्थ सरकारने स्वतः युद्धनौका किंवा दारूगोळा पुरवायचा नाही. पण देशातल्या खासगी कंपनीने विकला, तर तो अडवायचं बंधन सरकारवर नाही. पुढची सगळी गंमत या फटीत आहे.

सुरुवात १७९३ ची. फ्रान्सशी १७७८ चा मैत्रीचा तह झालेला, आणि तोच फ्रान्स आता ब्रिटनशी लढत होता. वॉशिंग्टनने २२ एप्रिलला जाहीरनामा काढला. (त्याला तटस्थतेचा जाहीरनामा म्हणतात, पण मजकुरात तो शब्दच नाही.) फ्रान्सचा राजदूत झने (Genêt) तोवर चार्ल्सटनला उतरून तिथूनच ब्रिटिश जहाजं लुटायला खासगी बोटी सज्ज करत होता. अशा बोटीवर गेलेल्या एका अमेरिकन खलाशाला ज्युरीने सरळ सोडून दिलं. नुसत्या जाहीरनाम्याने भागत नाही हे कळलं आणि १७९४ चा कायदा आला. त्याचा गाभा आजही तिथल्या संघीय कायद्यात आहे.

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं आणि उधारीचा प्रश्न आला. परराष्ट्रमंत्री ब्रायन म्हणाले, लढणाऱ्यांना कर्ज देणं खऱ्या तटस्थतेत बसत नाही. बंदी वर्षभरही धड टिकली नाही. १९१५ मध्ये ब्रिटन-फ्रान्सला ५० कोटी डॉलरचं कर्ज उभं राहिलं. एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका स्वतःच युद्धात उतरली, तोपर्यंत दोस्त राष्ट्रांकडे सुमारे २३० कोटी डॉलर गेले होते, जर्मनीकडे जेमतेम पावणेतीन कोटी.

ती ठेच लक्षात ठेवून १९३५ पासूनचे कायदे झाले. १९३५: लढणाऱ्या दोन्ही बाजूंना शस्त्रबंदी. १९३६: कर्जबंदी. १९३७: शस्त्रं नाहीतच, बाकी ठरावीक माल हवा तर रोख मोजा आणि आपल्या बोटीने न्या. थोडक्यात, ‘आज रोख, उद्या उधार’ची पाटी. कागदावर सगळ्यांना सारखा न्याय. पण बंदीच्या यादीत बंदुका होत्या, पेट्रोल, तांबं, भंगार लोखंड, ट्रक नव्हते. मुसोलिनीच्या फौजा इथिओपियात शिरल्या तेव्हा इटलीला जाणारा हा माल उलट वाढला. इथिओपियाला मात्र हव्या होत्या त्या बंदुकाच.

चीनच्या बाबतीत तर कायदा लावला असता तर उलटाच बसला असता. जपानकडे पैसा होता, जहाजं होती, स्वतःचे शस्त्रकारखाने होते. चीनची तिन्हीकडे बोंब. कायदा लागू व्हायला राष्ट्राध्यक्षाने ‘युद्ध सुरू आहे’ असं जाहीर करावं लागे. जुलै १९३७ नंतर लाखोंच्या फौजा भिडल्या, तरी रूझवेल्टने ते जाहीर केलं नाही. पळवाटच, पण माझ्या मते योग्य. तिचा फायदा जपानलाही झाला. पेट्रोल आणि भंगार पुढेही काही वर्षं जात राहिलं.

४ नोव्हेंबर १९३९ ला शस्त्रबंदी उठली आणि शस्त्रंही रोखीवर मिळू लागली. अटलांटिकवर ब्रिटिश आरमाराचा पहारा. जर्मन बोट न्यूयॉर्कला येणार कुठून? पॅसिफिकमध्ये जपानला सोयीची ठरणारी अट इथे ब्रिटनच्या कामी आली.

अट पाळायची तऱ्हाही पाहा. माल निघण्याआधी त्याची मालकी खरेदीदाराच्या नावावर व्हायला हवी, आणि अमेरिकन वैमानिकाने बॉम्बफेकी विमान युद्धात असलेल्या कॅनडात उडवत न्यायचं नाही. मग लॉकहीड हडसन विमानं नॉर्थ डकोटातल्या पेम्बिनाला, सीमेलगत, उतरवायची आणि दोर बांधून पलीकडे ओढत न्यायची. कधी तर घोडे जुंपून. पुढे कॅनडाचा वैमानिक बसायचा.

मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज (शस्त्रं उसनी किंवा भाड्याने द्यायचा कायदा) आलं आणि रोखीची अट संपली. माल पोचवायला अमेरिकन युद्धनौका ताफ्यांसोबत जाऊ लागल्या. ३१ ऑक्टोबरला त्यातली ‘रूबेन जेम्स’ जर्मन पाणबुडीने बुडवली, शंभराच्या आसपास खलाशी गेले. कागदोपत्री देश अजून तटस्थच. १७ नोव्हेंबरला व्यापारी जहाजांवर तोफा बसवायला आणि ती युद्धक्षेत्रात न्यायला परवानगी मिळाली. पर्ल हार्बरला तेव्हा वीस दिवस बाकी होते.