पाणकणसातलं अंतर

पाणकणीस ओळखायला सोपं, असं ज्यांनी ते फक्त फुलदाणीत पाहिलंय तेच सांगतात. पाण्याच्या काठाला पुरुषभर उंच पात्यांचं रान आणि त्यात काडीवर थापलेल्या कबाबासारखी तपकिरी कणसं दिसली की झालं! पण ‘यातलं नेमकं कुठलं?’ हा किडा डोक्यात शिरला की माणूस कामातून गेला.

भारतात मुख्य घोळ दोन देशी जातींचा: टायफा डोमिंजेन्सिस आणि टायफा एलिफंटिना. पहिलीला जुने ग्रंथ अंगुस्टाटा म्हणतात, म्हणजे गोंधळालाही परंपरा आहे. इंटरनेट छातीठोकपणे सांगतं, ‘अंतर बघा.’ दांड्यावर नरफुलं वर, मादीफुलं खाली. मधला दांडा उघडा आहे का, ते पाहायचं. युरोप-अमेरिकेतल्या टायफा लाटिफोलिया या जातीत ही दोघं बहुधा चिकटलेली असतात. आपल्या दोन्ही जातींत मात्र अंतर राखून संसार! म्हणजे टेप घेऊन मोजलं तरी निकाल लागत नाही. शिवाय परागकण उडाले की नर झडून जातो, मग मोजायचं कुठून कुठपर्यंत?

परागकणांवरून मात्र नक्की कळतं. डोमिंजेन्सिसचे सुटे, एलिफंटिनाचे चार-चारच्या जुडीने. फक्त सूक्ष्मदर्शक हवा आणि कणीस ऐन बहरात हवं. मी घरी आणलेलं कणीस पार पिकलेलं होतं. आईने ते कौतुकाने फुलदाणीत ठेवलं, वर पंखा लावला. एका कणसात लाखाच्या वर बिया असतात आणि प्रत्येक बीला स्वतःची म्हातारी असते. दिवाणखान्यात हिमालय अवतरला. ‘कुठलं का असेना,’ आई केरसुणी शोधत म्हणाली, ‘यापुढे तिकडेच ओळख.’

तिकडे म्हणजे मुठेकाठी. उरलेली खूण पानाची: आडवं कापल्यावर बुडाशी तीन धारा दिसल्या तर एलिफंटिना, एक बाजू सपाट आणि दुसरी फुगीर असेल तर डोमिंजेन्सिस. आणि बूड कुठे? चिखलात. चिखल कसला, ते पुणेकरांना सांगायला नको. मी गुडघाभर आत, हातात चाकू, गळ्यात टेप. वरून फिरायला निघालेले एक काका थबकले.

‘जलपर्णी काढताय?’

‘नाही काका, जलपर्णी दक्षिण अमेरिकेची. हे आपलं इथलं. यात पाणकोंबड्या राहतात.’

‘मग टेप कशाला? ती लाल-निळी पूररेषा मोजताय का? आमची सोसायटी आत येते की बाहेर?’

मी कापलेलं पान दाखवलं. एक बाजू सपाट, दुसरी फुगीर. ‘डोमिंजेन्सिस!’ मी जवळजवळ ओरडलोच.

काकांचा चेहरा उतरला. ‘म्हणजे लाल रेषा की निळी?’