शिशिरकुमार मित्र राहूनच गेले!

आयनांबराच्या, म्हणजे रेडिओलहरी परत खाली धाडणाऱ्या वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थराच्या, शोधावरचा तुमचा लेख आवडला. १९०१ साली मार्कोनीचा संदेश अटलांटिकपार पोचला तेव्हा भलेभले कसे चक्रावले, तो भाग तर झकास. पण या शोधाचं श्रेय लेखात एकट्या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ ॲपलटनना का? १९३०च्या सुमारास कलकत्त्यात भौतिकशास्त्रज्ञ शिशिरकुमार मित्र यांच्या गटानंही रेडिओलहरींनीच या थराचा पुरावा मिळवला होता, तो यायलाच हवा होता.

आमच्या तासगावात दिवेलागण झाली की मीडियम वेव्हवर पुणे केंद्राचा आवाज फुगायचा, बसायचा, मध्येच घरघरायचा. जमिनीलगतची लहर आणि वरून परतलेली लहर कधी जुळतात, कधी एकमेकींना मारतात. याच चढउताराचा माग काढत ॲपलटन-बार्नेटनी १९२४ मध्ये बीबीसीच्या बोर्नमथ केंद्राच्या लहरींवरून थराची उंची काढली, साधारण ९० किलोमीटर! शिशिरकुमार मित्रांवर स्वतंत्र लेख जरूर द्या.