‘ग्रंथी काढली की कॅन्सर संपला’: हाय-रिस्क प्रोस्टेटच्या बाबतीत हे खरं नाही

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजचा सारांश असा: प्रोस्टेटचा कॅन्सर हाय-रिस्क असेल तर ऑपरेशनच करा, ग्रंथी काढली की रोग मुळासकट जातो. शेक, म्हणजे रेडिएशन, फक्त ऑपरेशन न झेपणाऱ्यांसाठी असतो. ऑपरेशनवाले जास्त जगतात, त्यांचा पीएसए (प्रोस्टेटमध्ये तयार होणाऱ्या प्रथिनाचं रक्तातलं प्रमाण) शून्यावर येतो. आणि आधी शेक घेतला तर पुढची वाट बंद. घाबरलेली माणसं यावर विसंबून चार दिवसांत निर्णय घेतात, म्हणून एकेक मुद्दा तपासून पाहू.

‘मुळासकट जातो.’ पीएसए २०च्या वर, ग्लीसन (पेशी सूक्ष्मदर्शकाखाली किती आक्रमक दिसतात त्याचे गुण) ८ ते १०, किंवा गाठ ग्रंथीच्या आवरणाबाहेर आलेली, यांपैकी एक जरी असलं तरी हाय-रिस्क म्हणतात. म्हणजे पेशी ग्रंथीबाहेर पोचल्या असण्याची शक्यता मुळातच मोठी. काढलेल्या ग्रंथीला पॅथॉलॉजिस्ट बाहेरून शाई लावतात आणि मग तिच्या चकत्या करून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. कॅन्सरच्या पेशी शाईला टेकलेल्या दिसल्या की रिपोर्टमध्ये ‘मार्जिन पॉझिटिव्ह’ येतं: जिथे कापलं, तिथपर्यंत रोग होता. ऑपरेशननंतर सहा-आठ आठवड्यांत पीएसए ०.१च्या खाली जायला हवा. तो पुन्हा चढून ०.२ झाला, तर रोग परतला असं धरतात आणि ग्रंथीच्या जागेवर शेक द्यावा लागतो, बऱ्याचदा हार्मोनच्या, म्हणजे कॅन्सरला पोसणारं पुरुषी हार्मोन दाबणाऱ्या, इंजेक्शनांसह. हाय-रिस्कमध्ये ही वेळ बऱ्याच जणांवर येते. त्यामुळे खरी निवड ‘ऑपरेशन की शेक’ अशी नसतेच. एका बाजूला ऑपरेशन आणि कदाचित पुढे शेक व हार्मोन, तर दुसऱ्या बाजूला पहिल्यापासून शेक आणि हार्मोन. ऑपरेशनच्या आधी हे कोणी सांगत नसेल, तर विचारून घ्या.

‘शेक दुबळ्यांसाठी.’ हे सगळ्यात घातक वाक्य आहे. हाय-रिस्कमध्ये शेक एकटा देत नाहीत, सोबत साधारण दीड ते तीन वर्षं हार्मोनचे उपचार असतात. युरोपातल्या ४१५ रुग्णांच्या चाचणीत शेकाला तीन वर्षांच्या हार्मोनची जोड दिल्यावर दहा वर्षं जगणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ४० टक्क्यांवरून ५८ टक्क्यांवर गेलं. उलट बाजूही तपासली गेली आहे. स्कँडिनेव्हियातल्या ८७५ जणांच्या चाचणीत नुसतं हार्मोन घेणाऱ्यांपैकी दहा वर्षांत २३.९ टक्के या कॅन्सरने गेले, शेकही घेतलेल्यांपैकी ११.९ टक्के. हार्मोनविना दिलेल्या जुन्या, कमी मात्रेच्या शेकाची आजच्या ऑपरेशनशी तुलना करून कौल देणं चूक आहे.

‘ऑपरेशनवाले जास्त जगतात.’ ऑपरेशनला तुलनेने तरुण, धडधाकट माणसं निवडली जातात. हृदयविकार असलेले, वय झालेले शेकाकडे जातात. मग हृदयविकाराने झालेला मृत्यूही शेकाच्या खात्यावर पडतो. चिठ्ठ्या टाकून गट पाडलेली ब्रिटनमधली प्रोटेक्ट चाचणी (१,६४३ पुरुष) १५ वर्षं चालली. तिच्यात या कॅन्सरने झालेले मृत्यू ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के आणि शेकाच्या गटात २.९ टक्के होते, म्हणजे ठोस फरक नाही. पण तिथले बहुतेक रुग्ण कमी-मध्यम जोखमीचे होते, त्यामुळे तिचा आधार हाय-रिस्कसाठी कोणत्याच बाजूने घेऊ नये. नेमका हाच प्रश्न सोडवायला आखलेली एसपीसीजी-१५ ही चाचणी २०१४मध्ये सुरू झाली.

ग्लीसन ९-१०च्या १,८०९ रुग्णांच्या नोंदींचा २०१८मधला अभ्यास पाहण्यासारखा आहे. पाच वर्षांत या कॅन्सरने झालेले मृत्यू: ऑपरेशन १२ टक्के, बाहेरून शेक १३ टक्के, बाहेरचा शेक आणि सोबत ब्रॅकीथेरपी (ग्रंथीच्या आत किरणोत्सर्गी स्रोत ठेवून दिलेला शेक) ३ टक्के. हाही चिठ्ठ्या न टाकता केलेला अभ्यास, म्हणून यावरून ब्रॅकीथेरपीचा झेंडा उभारू नका. तिच्यात लघवीचे गंभीर त्रास जास्त होतात.

‘पीएसए शून्य.’ ग्रंथीच नाही तर पीएसए कुठून येणार? शेकानंतर ग्रंथी जागेवर असते, पीएसए हळूहळू उतरतो आणि मध्येच थोडा उसळतोही. म्हणून तिथे नीचांकापेक्षा २ने वाढल्यावरच रोग परतला असं मानतात. दोन वेगळ्या मापांचे आकडे शेजारी ठेवून तुलना होत नाही.

‘वाट बंद.’ यात अर्धं तथ्य आहे. शेकानंतर ऊती चिकटतात, त्यामुळे ग्रंथी काढणं अवघड होतं, लघवी गळण्याचा आणि गुदाशयाला इजा होण्याचा धोका वाढतो. पण रोग फक्त ग्रंथीतच परतला असेल तर निवडक रुग्णांना पुन्हा ब्रॅकीथेरपी, अचूक नेम धरून दिलेला शेक किंवा गोठवण्याचे उपचार देता येतात. शिवाय पहिल्याच ऑपरेशनची किंमत विसरू नये: प्रोटेक्टमध्ये सहा वर्षांनी लघवी गळते म्हणून पॅड वापरणारे ऑपरेशनच्या गटात १७ टक्के होते, शेकाच्या गटात ४ टक्के. शेकाच्या बाजूला शौचातून रक्त जाणं, आणि हार्मोनमुळे अंगाची लाही होणं, हाडं ठिसूळ होणं, साखर वाढणं हे त्रास आहेत. म्हणून सर्जन आणि रेडिएशनचे डॉक्टर, दोघांनाही भेटा. शक्य असेल तर त्याआधी पीएसएमए पेट स्कॅन (प्रोस्टेटच्या कॅन्सरपेशींना चिकटणारं द्रव्य टोचून केलेला स्कॅन) करून घ्या. ग्रंथीबाहेरचा रोग त्यात नेहमीच्या सीटी आणि बोन स्कॅनपेक्षा अधिक अचूक दिसतो, आणि तो दिसला तर उपचारांचा सगळा बेतच बदलू शकतो.