पोरीच्या हातावरचा शिरा

आज दुपारी वाडीत सत्यनारायण होता. आरती झाली, तीर्थ झालं, प्रसादाचं पातेलं फिरायला लागलं. खळ्यात मुलांची रांग. त्यात एक साडेचार वर्षांची पोर दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून उभी. "माका नको. माका चलना नाय." इतकं स्पष्ट बोलली. वाढणाऱ्या आजींनी तिचा हात पुढे ओढला, मूठ उघडली आणि लहान लिंबाएवढा शिरा तळहातावर ठेवला. "देवाच्या प्रसादान काय होवचा नाय गो बाय, खा."

पोरीने खाल्ला नाही. हात तसाच पुढे धरून उभी राहिली. शिऱ्यावर तुळशीचं पान चिकटलेलं, तुपाचा ओघळ मनगटापर्यंत आलेला, आणि नजर आईला शोधत होती. आई आतून धावत आली, तिला मागीलदारी नळावर घेऊन गेली, साबणाने हात धुतले, नखांत अडकलेला रवासुद्धा काढला. तेवढ्यात मागून कुणीतरी बोललंच, "आजकाल फॅशन झाली हा."

घरी येऊन दोन तास झाले, तो शब्द डोक्यातून जात नाही. म्हणून लिहितेय. लांब होईल, पण वाचा.

त्या पोरीला सिलिअ‍ॅक आहे. सगळे 'ग्लुटेनची अ‍ॅलर्जी' म्हणतात, समजावायला सोपं म्हणून आईही तेच सांगते. पण गव्हाची अ‍ॅलर्जी हा वेगळा आजार. त्यात गहू खाल्ल्यावर काही मिनिटांत, फार तर दोनेक तासांत अंगावर गांधी उठतात, ओठ-डोळे सुजतात, उलट्या होतात. श्वास अडकला तर अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन लागतं, आणि ते तातडीने. बरीच मुलं मोठी होता होता त्यातून सुटतात. सिलिअ‍ॅकमधून सुटका नाही, तो जन्मभराचा. गहू, जव आणि राय या धान्यांत जे ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, ते पोटात गेलं की शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. आपल्या लहान आतड्याच्या आत भाताच्या तरव्यासारखी, म्हणजे कोवळ्या रोपांसारखी दाट, बारीक लव असते, अन्नातलं सत्त्व तीच ओढून घेते. तरव्यात गुरं शिरली की काय होतं ते आपल्याला सांगायला नको. लव सपाट झाली की मूल कितीही जेवो, अंगाला काही लागत नाही.

आता त्या लिंबाएवढ्या शिऱ्याचा हिशोब करू. तो गोळा साधारण पंचवीस-तीस ग्रॅमचा, त्यात पाच ग्रॅम तरी रवा. एक ग्रॅम गव्हात अंदाजे ८० ते १०० मिलिग्रॅम ग्लुटेन. म्हणजे पोरीच्या हातावर ४०० मिलिग्रॅमच्या वर होतं. अशा बहुतेक रुग्णांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात. रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने गेलं तर आतड्याला इजा होते, हे तपासून पाहिलेलं आहे. तीस ग्रॅम कणकेची एक पोळी म्हणजे अडीच ते तीन ग्रॅम ग्लुटेन. आणि तुम्ही म्हणता, "इतक्याशानं काय होतंय!"

त्या पोरीने शिरा खाल्ला असता तरी कदाचित संध्याकाळपर्यंत ती हसत-खेळत असती. एखादं मूल दोन-तीन तासांत उलट्या करतं, एखाद्याला दोन दिवस जुलाब होतात, एखाद्याचं वरून काहीच दिसत नाही. न दिसणारंच जास्त वाईट. सगळ्यांना वाटतं, बघा, काही झालं नाही. मग पुढच्या पूजेला परत तेच.

"आमच्या वेळी नव्हतं हे." होतं. नाव नव्हतं. पोट टरटरून फुगलेलं, हातपाय काड्यांसारखे, कुल्ले आटलेले, शौच पांढुरकं, चिकट, घाण वासाचं, पोर सतत किरकिरं. याला आपण मुडदूस म्हटलं, दात येतायत म्हटलं, दृष्ट म्हटलं. डॉक्टरांनाही कुठे ठाऊक होतं? १९२०च्या दशकात न्यूयॉर्कचे डॉक्टर सिडनी हास अशा मुलांना केळ्यांवर ठेवत. मुलं सुधारत, पण श्रेय केळ्याला मिळे. गव्हाकडे बोट दाखवलं ते विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांनी. युद्धात, १९४४-४५च्या भूकबळीच्या हिवाळ्यात, हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला तेव्हा हीच मुलं सुधारली आणि पाव परत आल्यावर पुन्हा बिघडली. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. म्हणजे आजींच्या लहानपणी हे कळायला आपल्या वाडीत कुणाला मार्गच नव्हता. आजींवरचा राग इथे थोडा कमी होतो. ज्यांच्या हातात स्मार्टफोन आहे आणि जे 'फॅशन' म्हणतात, त्यांच्यावरचा होत नाही.

हो, धडधाकट माणसं वजन उतरवायला गहू सोडतात, ती फॅशनच आहे, मान्य. साडेचार वर्षांच्या पोरीला त्यांच्या रांगेत उभं करू नका.

दुसरं एक कायम ऐकते: "आपण भातखाऊ, आपल्याकडे कुठलं हे." हा आजार उत्तरेत जास्त सापडतो हे खरं. पण रेशनवर गहू आला त्यालाही जमाना झाला. आज वाडीतलं कुठलं पोर सकाळी चहात टोस्ट, बटर नाहीतर बिस्किट बुडवत नाही? चाकरमानी मे महिन्यात येतात तेव्हा पिशवीत काय असतं? भात खाणाऱ्या घरातलं मूल दिवसभर थोडा थोडा गहू खातच असतं, आणि कमी खातं म्हणून लक्षणं पुसट राहतात, निदान लांबतं. लक्षणं जुलाबाचीच असतील असंही नाही. लोहाचं औषध देऊनही न वाढणारं हिमोग्लोबिन, थांबलेली उंची, बरा न होणारा बद्धकोष्ठ, तोंडात सारखे फोड, एवढ्यावरही डॉक्टरांनी सिलिअ‍ॅकचा विचार करायला हवा. तुम्हीही विचारा. विचारण्यात लाज कसली?

आणि इथे सगळ्यात मोठी चूक होते, म्हणून ठळक सांगते. तपासणीआधी गहू बंद करू नका. शेजारणीने सांगितलं, व्हिडिओ बघितला आणि पोळी बंद केली, की रक्तातला आकडा उतरत जातो, तपासणी स्वच्छ येऊ शकते आणि खरं निदान हुकतं. आधी रक्ताची टीटीजी-आयजीए ही प्रतिपिंडांची तपासणी, सोबत एकूण आयजीए (हा प्रतिपिंडांचाच एक प्रकार). काही मुलांमध्ये मुळात आयजीएच कमी असतं, मग पहिली तपासणी खोटा धीर देते. आकडा वाढलेला आला तर पोटाच्या डॉक्टरांकडे जायचं. एंडोस्कोपीने, म्हणजे तोंडावाटे दुर्बिणीची नळी घालून, आतड्याचे बारीक तुकडे काढून बघतात. आकडा मर्यादेच्या दहापट किंवा जास्त असला आणि ईएमए ही दुसरी तपासणी वेगळ्या रक्तनमुन्यावर होकारार्थी आली, तर मुलांमध्ये एंडोस्कोपीशिवायही निदान करता येतं, ते डॉक्टर आणि आईवडील मिळून ठरवतात. आधीच गहू बंद केला असेल तर तो पुन्हा सुरू करून तपासावं लागतं, आणि पाच वर्षांच्या आतल्या मुलाला असं मुद्दाम खायला घालणं डॉक्टर शक्यतो टाळतात. मग सगळंच अडकतं. निदान झालं की भावंडांची आणि आईवडिलांचीही रक्ततपासणी करायची, लक्षणं नसली तरी.

त्या पोरीची आई या सगळ्यातून गेलीय. आणि आज तिला खळ्यात दहा बायकांसमोर सफाई द्यावी लागली.

एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. सगळे पांगल्यावर त्याच आजी आईजवळ आल्या आणि हळू आवाजात विचारलं, "मगे चेडवाक चलता तरी काय?" आई पोरीला चपला घालत होती, घाईत होती, "भात चलता" एवढंच म्हणाली. हा प्रश्न आज दुपारभरात कुणी विचारला नव्हता. म्हणून उत्तर नीट देते.

आज्ये, भात चलता. नाचणी, वरी, साबुदाणा, राजगिरा, ज्वारी, बाजरी, सगळ्या डाळी, नारळ, केळी, मासे, अंडी, दूध चालतं (निदानाच्या सुरुवातीला काही मुलांना दूध काही आठवडे पचत नाही, लव भरली की पचतं). घावणे, आंबोळ्या, उकडीचे मोदक, सोलकढी, उपवासाचं अर्धं स्वयंपाकघर चालतं. आपल्याकडे हे पथ्य पंजाबातल्या घरापेक्षा सोपं आहे, हेही कबूल. पण गहू आपल्या घरात नाव बदलून बसलाय.

पोट बिघडलेल्या मुलाला आपण काय देतो? मऊ भात आणि मेतकूट. मेतकुटात डाळी-तांदळाबरोबर बहुतेक घरांत मूठभर गहू भाजून घालतात. पोर जुलाबाने बेजार आणि आपण मायेने चमचा-चमचा गहू भरवतोय! गहू न घालता मेतकूट करा, फरक कळणारही नाही. फोडणीचा डबीतला हिंग निव्वळ हिंग नसतो, तो हिंगाचा चीक, डिंक आणि पीठ मिळून बांधलेला असतो, आणि ते पीठ पुष्कळदा गव्हाचं. म्हणजे 'फक्त वरण-भात' म्हणून वाढलेलं वरणही गेलं. डबीवरचे घटक वाचा, नाहीतर लसूण-जिऱ्याची फोडणी द्या. उडदाच्या पापडातही हिंग असतो. सुरमई-बांगडा रव्यात घोळवतात, तो तांदळाच्या पिठात घोळवा, आणि रव्याचे मासे तळलेल्या तेलात पोरीसाठीचा तुकडा टाकू नका. कोंबडी-वड्याच्या पिठात कित्येक घरांत गहू पडतात. थालिपिठाची भाजणी, सातूचं पीठ, दुधात घालायच्या माल्टच्या पावडरी (हा माल्ट बहुतेकदा जवाचा असतो), शेवया, सोया सॉस, सगळ्यांत तोच. अंगणवाडीत कणकेचे गोळे खेळायला देतात, ते हात तोंडात जातात. तिथे शाडूची माती द्या.

आणि गिरणी. सगळं पथ्य पाळून मूल सुधारत नसेल तर मी आधी गिरणीबद्दल विचारेन. दगडांच्या फटीत आणि पीठ पडतं त्या कापडी तोंडात आधीच्या माणसाचे गहू राहिलेले असतात, तेच तुमच्या तांदळात उतरतात. 'सकाळी पहिला नंबर लावला' याने भागत नाही. तांदूळ धुऊन, सावलीत फडक्यावर वाळवून, घरच्या मिक्सरला दळा. चाळण वेगळी. पोळपाट-लाटणं लाकडी असेल तर तिचं वेगळंच, लाकडातून पीठ निघत नाही. स्टीलची भांडी घासून चालतात. पोळ्यांच्या तव्यावर भाकरी नको. तुपाच्या बरणीत पोळीला लागलेला चमचा नको. विकतचं घेताना पाकिटावर 'ग्लुटेन-फ्री' लिहिलेलं बघा, आपल्याकडच्या नियमाने त्यात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. नुसतं 'मल्टिग्रेन' किंवा 'नाचणीची बिस्किटं' वाचून फसू नका, त्यात पहिला घटक बऱ्याचदा मैदाच असतो.

हे सगळं त्या आईला रोज, तीन वेळा, वर्षानुवर्षं करायचंय. रक्तातला आकडा खाली यायला वर्ष, कधी दोन वर्षं लागतात. पोर मात्र त्याआधीच, काही आठवड्यांत, हसायला लागते, वजन धरते. या पोरीने धरलंय. आणि तिच्या आईचे कष्ट आपण एका गोळ्यात पुसायला निघालो होतो. प्रसाद नाकारला की यजमानाच्या जिवाला लागतं, कळतं मला. मग असा प्रसाद करा की कुणी नाकारणारच नाही.

धुऊन वाळवलेल्या तांदळाचा घरच्या मिक्सरवर जाडसर रवा काढायचा. एक वाटी रव्याला पाव वाटी तूप, मंद आचेवर खमंग वास सुटेपर्यंत भाजायचा. हा रवा गव्हाच्या रव्यापेक्षा जास्त पाणी पितो, म्हणून दूध आणि पाणी मिळून अडीच वाट्या उकळतं घालायचं, झाकण ठेवून आठ-दहा मिनिटं वाफ द्यायची. दाणा बोटांनी दाबून बघायचा, पूर्ण शिजल्यावरच पाऊण वाटी साखर. साखर आधी पडली तर दाणा निबर राहतो, मग कितीही वाफ दिली तरी मऊ होत नाही. केळं शेवटी कुस्करून, वेलची वरून. गार झाला की घट्ट होतो, म्हणून उतरवताना थोडा सैलच ठेवायचा. सव्व्याचं माप पाळायचं असेल तर सगळं त्याच प्रमाणात वाढवा.

सगळ्या वाडीला हाच केलात तर उत्तमच. दोन प्रकारचा केलात, तर आज्ये, पळी वेगळी ठेवा, आणि तुमचे हात रव्याला लागायच्या आधी पहिला घास तिच्या हातावर घाला.