‘रिपोर्ट नॉर्मल आहेत’ हे उत्तर नव्हे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांबणार. चाळिशीतल्या एका बाईंची फाइल पाहिली. कंबर, मान, ओटीपोट, वर्षानुवर्षं दुखतंय. शेवटच्या कागदावर शेरा: ‘सर्व तपासण्या नॉर्मल. मन रमवावे.’ मन रमवावे! हे औषध दिवसातून किती वेळा घ्यायचं, तेही लिहायचं होतं ना.

त्या फाइलमध्ये मणक्याची एकेक गादी मोजलीय. लहानपण कसं गेलं, हे मात्र एकाही कागदावर नाही. वडिलांचं पिणं, मारहाण, रात्री कडी वाजली की श्वास रोखून पडून राहणं. कुणीतरी दहा मिनिटं मध्ये न बोलता ऐकलं, तेव्हा हे बाहेर आलं.

आणि हे काही नवं ज्ञान नाही. फेलिटी आणि अँडा या डॉक्टरांचा अमेरिकेतला अभ्यास १९९८ चा. बालपणी छळाचे, घरातल्या विस्कटलेपणाचे जितके जास्त प्रकार वाट्याला आले, तितका मोठेपणी हृदयविकाराचा, फुप्फुसांच्या जुनाट आजारांचा धोका जास्त. फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा जुनाट आजार), अर्धशिशी, ओटीपोटाचं जुनाट दुखणं यांच्याशीही तोच धागा पुढे वारंवार दिसला.

शरीरात काय घडतं? सतत धोक्यात वाढणाऱ्या मुलाची ताण हाताळणारी यंत्रणा वेगळीच बसते. कॉर्टिसॉल या ताणाच्या संप्रेरकाचा रोजचा चढउतार बिघडतो, काहींमध्ये ते चढं राहतं, काहींमध्ये पार सपाट. मज्जारज्जूतल्या पेशी हलक्या इशाऱ्यालाही जोरात उत्तर देऊ लागतात, आणि वेदना दाबणारे जे संदेश मेंदूकडून खाली यायला हवेत ते कमकुवत पडतात. जबडा, खांदे, ओटीपोटाच्या तळाचे स्नायू कायम आवळलेले. त्यात झोप तुटकी, आणि नुसती झोप तुटली तरी दुखणं सोसायची ताकद घटते. यातलं एमआरआयमध्ये काय दिसणार? उलट अजिबात न दुखणाऱ्या विशीतल्या माणसांपैकी सुमारे ३७ टक्के आणि ऐंशीतल्यांपैकी ९६ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसते. तरी आपण ‘गॅप आहे’ म्हणून घाबरवतो आणि ‘गॅप नाही’ म्हणून हाकलतो. इजा किंवा मज्जातंतूचा आजार सापडत नाही, पण वेदनायंत्रणाच बदललेली आहे, अशा दुखण्याला २०१७ पासून स्वतंत्र नाव आहे, नोसिप्लास्टिक वेदना. म्हणजे त्या बाईंचं दुखणं खरं आहे. ‘मनाचे खेळ’ म्हणणाऱ्यांनी निदान वाचन तरी वाढवावं.

ओपीडीत बाहेर रांग असताना डॉक्टर तरी किती बोलणार, हे मान्य. मार खाल्लेल्या प्रत्येकाचं अंग दुखत नाही, हेही मान्य. ज्यांच्या छळाची न्यायालयात नोंद होती अशा मुलांचा मोठेपणापर्यंत माग काढला, तेव्हा हा संबंध बराच फिका निघाला, तेही मान्य. पण म्हणून विचारायचंच नाही? आणि ‘आम्हीपण पट्ट्याचे फटके खाल्ले, आमचं काय बिघडलं’ म्हणणाऱ्यांनी कृपया आज कमेंट करू नये.

विचारायचं कसं, तेही सांगते. पहिल्याच भेटीत, नवरा किंवा सासू शेजारी बसलेली असताना नाही. ‘लहानपणीच्या ताणाचा दुखण्याशी संबंध असू शकतो, त्याबद्दल विचारलं तर चालेल का?’ इतकंच. ‘नको’ म्हटलं तर विषय बंद. तपशील उकरायचे नाहीत. फिजिओथेरपीत हात लावण्याआधी कुठे आणि का ते सांगायचं, ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं. पालथं झोपवणं अनेकांना सोसत नाही, तिथे कुशीवर किंवा बसवून उपचार होतात. त्या बाईंना हे कुणी विचारलंच नव्हतं. त्या टेबलावर श्वास धरून पडायच्या, आवळलेले स्नायू आणखी आवळायचे, घरी जाऊन दोन दिवस अंथरूण. शेरा काय, तर ‘पेशंट सहकार्य करत नाही’!

असो. ज्यांचं स्वतःचं दुखतंय, त्यांच्यासाठी जरा हळू लिहिते. आधी धोक्याची लक्षणं तपासून घ्या: ताप, विनाकारण वजन घटणं, पायातली ताकद जाणं, जांघेत बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं. यातलं काही असेल तर बालपण बाजूला, आधी दवाखाना. शेवटच्या तीनपैकी काही असेल तर त्याच दिवशी.

ते नसेल तर चालण्यापासून सुरुवात. वाईट दिवशीही जमेल तेवढा वेळ धरा, समजा दहा मिनिटं. सुरुवात आठ मिनिटांनी. आठवडाभर तेवढंच, मग साधारण एक मिनिट वाढ. गाडी इथेच रुळावरून घसरते: बरं वाटलं की आपण एकाच दिवशी घरभर झाडलोट काढतो आणि पुढचे चार दिवस आडवे. बऱ्या दिवशीही ठरल्यापेक्षा जास्त नाही. सोबत पाच मिनिटं संथ श्वास, चार मोजत आत, सहा मोजत बाहेर. डोळे मिटून भीती वाटत असेल तर उघडे ठेवा. मनावरच्या आघातांवर उपचार करता येणारा मानसोपचारतज्ज्ञ मिळाला तर जरूर गाठा, पण म्हणून चालणं थांबवू नका. गोळ्या मनाने सुरू करू नका, बंदही करू नका.

आणि दुखणं मध्येच उसळेल, उसळतंच. त्या दिवशी आठाचे चार करा, शून्य नको. दोन-तीन दिवसांनी पुन्हा आठ.