'एमजीएच = ½केएक्स²' स्प्रिंगच्या प्रत्येक गणिताला चालत नाही

सीईटी जवळ आली की जळगाव-धुळ्याच्या विद्यार्थ्यांच्या मोबाईलवर एक मेसेज फिरतो: 'स्प्रिंग दिसली की एमजीएच = ½केएक्स² लिहा. टांगलेल्या वजनाला एक्स = एमजी/के. टक्कर असली तरी ऊर्जा अक्षय्यच.' (एम म्हणजे वस्तुमान, जी गुरुत्वीय त्वरण, एच उंची, के स्प्रिंगचा स्थिरांक आणि एक्स तिचं दबणं किंवा ताणणं.) तिन्ही वाक्यांत गडबड आहे, आणि त्यापायी हातचे गुण जातात.

पहिलं वाक्य. २ किलोचा ठोकळा उभ्या स्प्रिंगच्या टोकापासून ०.४ मीटर उंचीवरून सोडला. के १००० न्यूटन प्रति मीटर, जी १०. मेसेजप्रमाणे ८ = ५००एक्स², म्हणजे १२.६ सेमी. पण स्प्रिंगला टेकल्यावर ठोकळा तिथंच थांबत नाही, आणखी एक्स इतका खाली जातो, आणि तेवढ्या अंतरातही गुरुत्वाकर्षण कार्य करतंच. म्हणून २०(०.४ + एक्स) = ५००एक्स². धन उत्तर १४.८ सेमी. पर्यायांत १२.६ मुद्दाम ठेवलेलं असतं! स्प्रिंग आडवी असेल आणि तिने ढकललेला ठोकळा घर्षणरहित उतारावर चढत असेल, तर मात्र मेसेजमधलं सूत्र बिनधास्त वापरा.

दुसरं वाक्य अर्धंच खरं. रावेरच्या केळीचा २० किलोचा घड ५० किलोपर्यंत मोजणाऱ्या ताणकाट्याला (स्प्रिंगच्या वजनकाट्याला) अडकवा. हाताने सावकाश सोडला तर काटा २० वर थांबतो, ताण एमजी/के. स्प्रिंग ताणली न जाता घड अडकवून एकदम हात काढला, तर काटा ४० च्या जवळ जाऊन परत फिरतो, कारण एमजीएक्स = ½केएक्स² वरून एक्स = २एमजी/के. एमजी/के या जागी बलं समतोल असतात, पण घडाचा वेग तिथंच सर्वाधिक असतो, मग तो थांबेल कसा? सावकाश सोडताना घडाच्या गुरुत्वीय स्थितिज ऊर्जेतली निम्मी घट हाताने काढून घेतलेली असते. म्हणून प्रश्नात 'हळूहळू' आहे की 'अचानक', ते आधी बघा.

तिसरं वाक्य सर्वांत घातक. पहिल्या उदाहरणातल्याच स्प्रिंगवर २ किलोची पाटी ठेवलेली आहे आणि ठोकळा ०.४ मीटरवरून पाटीवर पडून चिकटतो. आधी संवेग (वस्तुमान × वेग) अक्षय्यता: वेग २.८३ वरून १.४१ मीटर प्रति सेकंद, गतिज ऊर्जा ८ ज्यूलवरून ४. उरलेली उष्णता, आवाज आणि आकार बदलण्यात गेली. ऊर्जेचं समीकरण टकरीनंतर मांडायचं, वस्तुमान ४ किलो धरून. पाटीच्या वजनाने स्प्रिंग आधीच २ सेमी दबलेली आहे, हेही त्यात घ्यायचं; त्या दबण्याची ऊर्जा ०.२ ज्यूल. पुढचं दबणं वाय मानलं तर ४ + ०.२ + ४०वाय = ५००(०.०२ + वाय)². वाय ११.२ सेमी, एकूण दाब १३.२ सेमी.