बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट? मग काकांची वायरिंग का जळाली?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या काकांकडे 1961 ची अँबेसिडर आहे. गेल्या रविवारी सकाळीच फोन: "अरे, बॉनेटमधून धूर येतोय, ये लवकर." मी पोचेपर्यंत त्यांनी बॅटरीची वायर उपटली होती, म्हणून गाडी वाचली. डायनॅमो (इंजिनावर फिरून वीज तयार करणारं जुनं यंत्र) काढून तिथे भंगारातल्या नव्वदच्या दशकातल्या अँबेसिडरचा अल्टरनेटर (त्याच कामाचं नंतरचं यंत्र) बसवला होता. का, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो मेसेज! "अँबेसिडर पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गाडी. इलेक्ट्रिकचा कुठल्याही सालाचा पार्ट चालतो. बारा व्होल्ट म्हणजे बारा व्होल्ट. काळी वायर मायनस. फ्यूजवर 35 असेल तर 35 टाका." फिटरनेही "बधुं सरखुं ज छे" (सगळं सारखंच आहे) म्हणत बोल्ट आवळले. हाच मेसेज मलाही तिघांनी पाठवलाय, तेव्हा आता बोलायलाच हवं.

'एकच गाडी' यावर वेळ घालवत नाही. शेवटी शेवटी तिच्यात इसुझूचं इंजिन आलं होतं, एवढं पुरे.

खरा घात केलाय तो 'बारा व्होल्ट'ने. व्होल्ट किती हे कळलं, पण बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय हे त्यातून कुठे कळतं? अँबेसिडर जिच्यावरून बेतली, त्या मॉरिस ऑक्सफर्ड सीरिज तीनमध्ये बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असे, म्हणजे 'प्लस अर्थ'. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांची हीच पद्धत, आणि काकांची गाडीही तशीच. नंतर सगळं उलटलं. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार हे स्पष्ट उदाहरण: 1967 पर्यंत डायनॅमो आणि प्लस अर्थ, 1968 च्या मॉडेलपासून अल्टरनेटर आणि मायनस अर्थ. नाव तेच, बाहेरून गाडीही जवळपास तीच.

डायनॅमो उलट अर्थवर चालवता येतो. फील्डच्या (आतल्या चुंबकीय गुंडाळीच्या) टर्मिनलला बॅटरीचा क्षणभर झटका दिला की त्याचे प्लस-मायनस उलटतात. अल्टरनेटरचं तसं नाही. त्याच्यात डायोड असतात, म्हणजे एकाच बाजूला उघडणारी दारं. मायनस अर्थचा अल्टरनेटर प्लस अर्थच्या गाडीत जोडला की बॅटरीच्या दृष्टीने ही दारं सताड उघडी. इंजिन बंद असलं तरी बॅटरी थेट शॉर्ट होते. किल्ली फिरवायचीही गरज नाही, काकांनी फिरवली नव्हतीच.

"काळी वायर मायनस" तर त्याहून कहर. या गाड्यांचे इलेक्ट्रिक पार्ट बनवणाऱ्या लुकास या ब्रिटिश कंपनीच्या रंगसंकेतात काळी म्हणजे अर्थ. तपकिरी थेट बॅटरीकडून, पांढरी इग्निशनची, हिरवी इग्निशननंतर फ्यूजमधून आलेली. मायनसचा त्यात उल्लेखच नाही. प्लस अर्थच्या गाडीत काळी वायर प्लस असते, बस्स.

फ्यूजचं ऐकून तर मी डोक्याला हात लावला. जुन्या लुकासच्या काचेच्या फ्यूजवर 35 लिहिलेलं असतं, ते तो कितीवर उडतो त्याचा आकडा. सतत वाहण्याची त्याची क्षमता 17 अँपिअर. आजच्या ब्लेड फ्यूजवरचा 35 हा सतत वाहण्याचा आकडा आहे. म्हणजे 'तोच' फ्यूज टाकून तुम्ही संरक्षण निम्मं करून ठेवलंत. त्याजागी 15 किंवा फार तर 20 चा टाकावा.

बरं, एक मान्य करतो, नाइलाजाने. बल्बला दिशेशी देणंघेणं नसतं. फील्ड-वाइंडिंगचा (कायम चुंबकाऐवजी तारेची गुंडाळी असलेला) जुना स्टार्टरही दोन्हीकडे सरळच फिरतो. म्हणूनच "मी टाकला, चाललं" म्हणणारे भेटतात. इग्निशन कॉइलही उलट जोडली तरी ठिणगी पडते, फक्त कमजोर. आणि अल्टरनेटर मुळातच वाईट नाही: लुकासचा सी-40 डायनॅमो जास्तीत जास्त 22 अँपिअर देतो, त्यात 100 वॅटचे दोन हेडलाइटच 16 पेक्षा जास्त खातात. पण मग आधी पूर्ण गाडी मायनस अर्थवर न्या, कॉइलची टोकं बदला, डायनॅमोचं चार्जिंग सांभाळणारा जुना रेग्युलेटर बाजूला काढा, जुना रेडिओ असेल तर तो तपासून घ्या. हे सगळं एका दुपारचं काम आहे, पण क्रमाने.

काकांनी विचारलं, "मग ओळखायचं कसं?" मीटर 20 व्होल्ट डीसीवर ठेवा. काळी प्रोब बॉडीला, लाल बॅटरीच्या त्या टोकाला, जे बॉडीला जोडलेलं नाही. समोर वजा आलं, तर गाडी प्लस अर्थची. काकांच्या गाडीला लावला तेव्हा मीटरवर वजा साडेबारा आलं. काका म्हणाले, "हे मेसेजमध्ये नव्हतं रे."